ताडकळसचा पार आणि भिंतीवरचा कागद

मुलांनो, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. कुणी थट्टेनं म्हटली, तरी आम्ही परभणीकर ती खरीच मानतो! या परभणी जिल्ह्यातल्या एका गावाला आज तुम्हांला न्यायचं आहे. गावाचं नाव ताडकळस, तालुका पूर्णा. परभणीहून एस.टी.त बसलं की दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन लागते. सप्टेंबरात आलात, तर सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, कापसाला फुलं धरलेली आणि तूर नुसती हिरवीगार.

आता तुम्ही विचाराल, “सर, ताडकळसला बघायचं काय? किल्ला आहे का? लेणी आहेत का?”

आमच्या शाळेतल्या मुलांनीही हेच विचारलं होतं. आमची शाळा तिथून जवळच, एका लहानशा गावात आहे. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच. 17 सप्टेंबर म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला होता. शाळेत झेंडावंदनाची तयारी चालली होती. मी मुलांना म्हणालो, “उद्या आपण ताडकळसला पायी जायचं. बरोबर वही आणि पेन्सिल घ्यायची. तिथं जाऊन फक्त कागद आणि पाट्या बघायच्या. गावात कुठं कुठं काय लिहिलंय, कोण वाचतंय, ते टिपून आणायचं.”

“एवढंच?” एकानं तोंड वाकडं केलं.

“एवढंच.”

सकाळी रस्त्याच्या कडेनं एका रांगेत निघालो. तिसरी-चौथीची मिळून एकवीस मुलं. ताडकळस म्हणजे आजूबाजूच्या लहान गावांचं मोठं गाव. बाजाराला, दवाखान्याला, बी-बियाण्याला सगळे इथंच येतात. थांब्यावर उतरणाऱ्या-चढणाऱ्यांची गर्दी, टमटमवाल्यांची हाकाटी आणि भज्यांचा वास. पोरांची पावलं आपोआप हळू झाली!

पहिला मुक्काम चहाच्या हॉटेलात. तिथं एकच पेपर होता. पण त्याची पानं सुटी करून माणसामाणसांत वाटलेली. एकाकडे जिल्ह्याचं पान, दुसऱ्याकडे बाजारभाव, तिसऱ्याकडे क्रिकेट. एक जण तर मोठ्यानं वाचत होता आणि बाकीचे ऐकत होते. मुलांनी मोजलं : एक पेपर आणि वाचणारे-ऐकणारे मिळून अकरा! वाचता वाचता कुणी सरकारला नावं ठेवत होतं, कुणी सरकारची बाजू घेत होतं. आवाज चढले, पण चहा संपेपर्यंत पुन्हा सगळे एक.

मी मुलांना हळूच विचारलं, “हे सगळे एका बाकड्यावर बसलेत. कोण कोणत्या जातीचा, ओळखता येतं का?”

“नाही.”

“ओळखायची गरजही नाही. हॉटेल, दुकान, विहीर, रस्ता अशा ठिकाणी जातीवरून कुणाला अडवायचं नाही, असं आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात लिहिलेलं आहे. पूर्वी असं नव्हतं. 1927 साली महाडला सार्वजनिक तळ्याचं पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला होता.”

दुसरा मुक्काम ग्रामपंचायत. तिथल्या फलकापाशी पोरं टाचा उंचावून उभी राहिली. सूचना, याद्या, शिक्के. एकीनं विचारलं, “सर, हे सगळ्यांना दिसेल असं बाहेर का लावतात?” मी म्हणालो, “कारण कारभार गावाचा आहे. गावाला तो दिसायला नको का? आणि फलकावर जे नसेल, ते आपण विचारूही शकतो. 2005 साली माहितीचा अधिकार देणारा कायदा झाला. साधा अर्ज करून सरकारी कचेरीला माहिती मागता येते, आणि एरवी तीस दिवसांच्या आत उत्तर द्यावं लागतं.”

तिसरं ठिकाण पोलीस ठाणं. इथं पोरं माझ्या पाठीमागं लपायला लागली! आम्ही बाहेरूनच पाहिलं. मी त्यांना एवढंच सांगितलं, की पोलिसांनी कुणाला धरलं, तर का धरलं हे त्याला सांगावं लागतं आणि चोवीस तासांच्या आत त्याला न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं. प्रवासाचा वेळ तेवढा त्यात धरत नाहीत. हेही राज्यघटनेतच आहे, बाविसाव्या कलमात. “मंग पोलिसांनाबी नियम असतेत!” एका पोरानं डोळे मोठे केले. असतात तर! सगळ्यांना नियम असतात. राज्य करणाऱ्यालाही असतात, यालाच तर कायद्याचं राज्य म्हणतात.

शेवटी दमून आम्ही पाराच्या सावलीला बसलो. तिथं एक आजोबा काठी टेकवून बसले होते. वय नव्वदीच्या घरात. मुलांच्या वह्या पाहून त्यांनी विचारलं, “काय लिहायलेत रे लेकरांनो?”

मुलांनी सांगितलं. हॉटेलातल्या पेपरची गोष्ट ऐकून आजोबा हसले. म्हणाले, “माझे वडीलबी पेपर वाचायचे. पण दार लावून. वाचून झाला की कणगीत, ज्वारीच्या खाली ठेवायचे. मी बारका होतो. मला दम दिलेला, ‘कुणाला बोललास तर बघ.’”

“पेपर लपवायचा? का बरं?” सगळी मुलं एकदम म्हणाली.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. “सांगा की गुरुजी.”

मग पारावरच इतिहासाचा तास भरला. तोच आता तुम्हांलाही सांगतो.

तेव्हा आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे त्यातले पाच मराठी जिल्हे. राजा होता निजाम मीर उस्मान अली खान. तो 1911 साली गादीवर आला. राज्यात ‘गश्ती’ निघायच्या. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. त्यातली त्रेपन्न नंबरची गश्ती लोकांच्या फार लक्षात राहिली. जाहीर सभा घ्यायची असेल, तर आधी परवानगी घ्या, असा तिचा हुकूम. खाजगी शाळा काढायची? परवानगी. कुस्तीचा आखाडा काढायचा? तरी परवानगी! चार माणसं एकत्र आली की सरकारच्या पोटात गोळा यायचा.

1937 साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं. परतूर तेव्हा आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं, आता जालना जिल्ह्यात आहे. लोक एकत्र यायला लागले, बोलायला लागले. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस ही संस्था स्थापन व्हायची होती. तर निजाम सरकारनं काय केलं? ती स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी घातली! बाळ जन्मायच्या आधीच त्याला शिक्षा. त्याच 1938 साली वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं. कितीतरी मुलं शिकण्यासाठी राज्य सोडून नागपूरला गेली. या चळवळीत भाग घेतलेले एक विद्यार्थी पुढे भारताचे पंतप्रधान झाले : पी. व्ही. नरसिंह राव.

आणि वर्तमानपत्रं? त्यांची तर परीक्षाच होती. आ. कृ. वाघमारे नावाच्या संपादकांनी ‘मराठवाडा’ नावाचं साप्ताहिक काढलं. निजाम सरकारनं त्याला राज्यात यायची बंदी केली. वाघमाऱ्यांनी काय करावं? त्यांनी पत्राचं नाव बदललं! त्या नावावर बंदी आली, की पुन्हा नवं नाव. सरकारचा हुकूम निघायचा एका नावावर आणि पत्र यायचं दुसऱ्या नावानं. कणगीत ज्वारीखाली लपवले जाणारे कागद असेच कुठून कुठून, हातोहात येत असणार.

“मंग त्याच्यात इतकं काय लिहिलेलं असायचं?” एका मुलीनं विचारलं.

“लोकांना काय सोसावं लागतंय ते. तेवढंच.”

पण हे तेवढंच लिहिणं कधी कधी फार महाग पडायचं. हैदराबादला शोएबुल्ला खान नावाचे तरुण संपादक होते. ‘इमरोज’ हे त्यांचं उर्दू दैनिक. इमरोज म्हणजे आज. देश 1947 मध्ये स्वतंत्र झाला, पण निजाम भारतात यायला तयार नव्हता. त्याच्या बाजूच्या रझाकार संघटनेनं लोकांवर जुलूम चालवले होते. शोएबुल्ला खान निर्भयपणे लिहीत, की हे जुलूम थांबवा, हैदराबादनं भारतात सामील व्हावं. त्यांना धमक्या आल्या. त्यांनी लिहिणं थांबवलं नाही. ऑगस्ट 1948 मध्ये एका रात्री कचेरीतून घरी जाताना मारेकऱ्यांनी त्यांना ठार केलं. ते तिशीचेही नव्हते. त्यानंतर महिन्याच्या आतच, 17 सप्टेंबर 1948 ला, हैदराबाद मुक्त झालं. ती सकाळ पाहायला ते राहिले नाहीत.

मुलांनो, एक ध्यानात ठेवा. राजा मुसलमान होता आणि राजाविरुद्ध लिहून प्राण देणारा संपादकही मुसलमानच होता. भांडण धर्माचं नव्हतं. माणसाला खरं बोलू द्यायचं की नाही, याचं होतं.

आजोबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, “वडील गेले तवा कणगीच्या तळाशी पेपरचा तुकडा सापडला होता. उंदरांनी कुरतडलेला. काही वाचता आलं नाही.”

परतीच्या वाटेवर पोरं बराच वेळ गप्प होती. मग एकानं विचारलं, “सर, दुसऱ्या देशांतबी असं असतं का?”

मी त्यांना अमेरिकेची गोष्ट सांगितली. अमेरिकेनं आपली राज्यघटना लिहिली, तेव्हा लोक म्हणाले, सरकार कसं चालेल ते लिहिलंत, पण आमच्या स्वातंत्र्याचं काय? म्हणून 1791 साली तिच्यात दहा दुरुस्त्या जोडल्या. त्यांतली पहिली हाताच्या पाच बोटांवर मोजता येते. आपापला धर्म पाळायचा, बोलायचं, छापायचं, शांतपणे एकत्र जमायचं आणि सरकारकडे दाद मागायची. या पाचांवर घाला घालणारा कायदा संसदेनं करायचा नाही. पण कागदावर लिहिलं म्हणजे झालं, असं नाही बरं का! तिथल्या काळ्या लोकांना कितीतरी ठिकाणी बसमध्ये गोऱ्यांसाठी जागा सोडावी लागे. ते हक्क मिळवायला त्यांना लांबचा लढा द्यावा लागला.

त्याच अमेरिकेत मेरी बेथ टिंकर नावाची तेरा वर्षांची मुलगी होती. 1965 साली तिनं आणि तिच्या काही सोबत्यांनी व्हिएतनामच्या युद्धात मरणाऱ्या माणसांसाठी दंडावर काळी फीत बांधली आणि तशीच ती शाळेत गेली. शाळेनं तिला घरी पाठवलं. खटला चालला तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत. 1969 साली निकाल लागला. न्यायालय म्हणालं, शाळेच्या फाटकातून आत आलं म्हणून विद्यार्थ्याचं स्वातंत्र्य संपत नाही. दुसऱ्यांच्या अभ्यासात अडथळा येत नसेल, तर त्याला आपलं मत दाखवता येतं.

आपल्या राज्यघटनेत एकोणिसावं कलम आहे. बोलण्याचं, शांतपणे जमण्याचं, संस्था काढण्याचं स्वातंत्र्य त्यात आहे. त्यात ‘वर्तमानपत्र’ हा शब्द मात्र तुम्हांला सापडणार नाही! घटना समितीत बाबासाहेबांनी त्याचं कारण सांगितलं. संपादक हाही नागरिकच आहे, जो अधिकार सगळ्यांना तोच त्याला, वेगळा उल्लेख कशाला? बाबासाहेब स्वतः संपादक होते. 1920 साली त्यांनी ‘मूकनायक’ काढलं होतं. म्हणजे ताडकळसच्या हॉटेलात पेपर वाचणारा, पेपर छापणारा आणि शाळेच्या भिंतीवर कागद चिकटवणारा, तिघांचा हक्क एकच.

मात्र हे स्वातंत्र्य म्हणजे वाट्टेल ते लिहायचं, असं नाही. खोटं लिहून कुणाची बदनामी करायची नाही, लोकांना एकमेकांवर घालायचं नाही, हेही त्याच कलमाच्या पोटात आहे.

आणि एकदा मिळालेलं कायमचं राहतं, असंही नाही. जून 1975 मध्ये देशात आणीबाणी लागली. वर्तमानपत्रांत काय छापायचं ते सरकार आधी तपासू लागलं. दिल्लीत काही छापखान्यांची वीजच बंद केली. ‘इंडियन एक्सप्रेस’नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्या कोऱ्या जागेनंच वाचकांना सगळं सांगितलं! वाघमाऱ्यांनी सुरू केलेल्या त्याच ‘मराठवाडा’चे तेव्हाचे संपादक होते अनंत भालेराव. ते निजामाच्या तुरुंगात राहून आलेले. आणीबाणीत त्यांना पुन्हा तुरुंगात जावं लागलं. या वेळी राज्य आपलंच होतं!

इथवर मी मुलांना मोठ्या मोठ्या गोष्टी सांगितल्या. आता माझी गोष्ट सांगतो. ती मोठी नाही.

ताडकळसहून आल्यावर मुलांनी भित्तिपत्रक काढायचं ठरवलं. नाव ठेवलं ‘पार’. बाजाराचं चित्र, आजोबांची कणगी, हॉटेलातले अकरा वाचक, सगळं त्यात आलं. आणि खाली एका कोपऱ्यात बातमी : ‘शाळेच्या टाकीला चार नळ आहेत. त्यांतले तीन बंद आहेत. उन्हाळ्यापासून कुणी दुरुस्त केले नाहीत.’

दुसऱ्या दिवशी गावातल्या एका वजनदार माणसाचा मला फोन आला. “सर, कशाला पोरांच्या हातून गावाची बदनामी करता? काढून टाका तो कागद.” आवाज गोडच होता. पण मला घाम फुटला. मधल्या सुट्टीत, मुलं जेवायला बसलेली असताना, मी तो कागद भिंतीवरून काढला आणि कपाटात ठेवला. वरून दोन वह्याही ठेवल्या.

सुट्टी संपली. चौथीतली एक मुलगी मोकळ्या भिंतीपुढे उभी राहिली. मग माझ्याकडे येऊन तिनं विचारलं, “सर, आम्ही खोटं लिहिलं होतं का?”

“नाही गं.”

“मंग?”

मला उत्तर देता येईना. तिला काही माहीत नव्हतं, पण मला कपाट दिसत होतं आणि कणगी आठवत होती. आजोबांच्या वडिलांनी पेपर लपवला, तेव्हा बाहेर निजामाचं राज्य होतं. मी कुणाच्या राज्यात लपवला होता?

रात्री झोप लागली नाही. सकाळी मी मुलांना सगळं सांगून टाकलं. कागद मी काढला, भिऊन काढला, चुकलो. मग म्हणालो, “चला, आता बातमी तपासू.” सगळे टाकीपाशी गेलो. एकेक नळ सोडून पाहिला. एक चांगला चालत होता. दोन बंद. चौथ्यातून मात्र सुतासारखी बारीक धार येत होती!

“म्हणजे आपलं बी चुकलं,” मुलगी म्हणाली.

आम्ही कागद दुरुस्त केला : ‘मागे तीन नळ बंद असं लिहिलं होतं, ते चूक होतं. दोन बंद आहेत आणि एक बारीक चालतो. चुकीबद्दल माफ करा.’ खाली मुलांनी एक मोकळी चौकट आखली आणि वर लिहिलं, ‘कुणाला उत्तर द्यायचं असेल, तर इथं लिहावं.’ तो कागद पुन्हा त्याच जागी चिकटवला. या वेळी मधल्या सुट्टीत नाही, सगळ्यांच्या समोर.

ज्यांचा फोन आला होता, ते दोन दिवसांनी शाळेत आले. कंबरेवर हात ठेवून त्यांनी सगळं पत्रक वाचलं. कणगीची गोष्ट दोनदा वाचली असावी. चौकटीत काही लिहिलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, “माफीबी मागितली का पोरांनी!”

पुढच्या आठवड्यात नळ दुरुस्त करणारा आला. बारीक धारेचा नळ नीट झाला. बंद असलेल्यांपैकी एकाची तोटी बदलली. एक अजूनही बंदच आहे. त्यासाठी मुलांनी अर्ज लिहिला आहे. मुलांना ग्रामसभेत मत देता येत नाही, म्हणून पालकांनी सह्या केल्या आणि तो अर्ज तेच ग्रामसभेत देणार आहेत. दाद मागायची ती हीच. पाचवं बोट!

म्हणून मी आमच्या गावाचं नाव सांगितलं नाही. कुणाला खाली पाहायला लावायचं नव्हतं. बातमी नळाची होती, माणसाची नव्हती.

मुलांनो, तुमच्या गावातही असा एखादा पार असेल, एक फलक असेल, एक हॉटेल असेल. सुट्टीच्या दिवशी वही घेऊन निघा. कुठं काय लिहिलंय ते बघा आणि कुठं काय लिहिलं जात नाही, तेही बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांच्या लहानपणी पेपर कोण वाचायचं आणि कसा वाचायचं. मग शाळेच्या भिंतीवर तुमचंही एक पत्रक लावा. लिहिण्याआधी नळ मोजा. आणि तुमच्या सरांनी ते काढलं, तर त्यांना नम्रपणे विचारा, “आम्ही खोटं लिहिलं होतं का?”

आमचा ‘पार’ अजून भिंतीवर आहे. उन्हानं त्याचा रंग उडालाय, एक कोपरा सुटलाय. दुसऱ्या अंकाची तयारी चालली आहे. त्याची पहिली बातमी मुलांनी आत्ताच ठरवून ठेवली आहे, पण ती मला अजून सांगितलेली नाही!